बाजेवरच्या माणसाची नोंद

श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बहुतेकांना महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. तेवढ्यासाठी थकलेला माणूस तलाठ्याकडे, सेतू केंद्रात, तहसीलीत खेटे घालतो. पाय चालत नसतील तर मुलगा त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवतो आणि मागून धरायला आणखी कुणीतरी बसते. मशीनवर थम लागला नाही तर पुन्हा यावे लागते. एवढ्या खटाटोपातून शासनाला एकच गोष्ट कळते, माणूस जिवंत आहे. तो कसा जगतो आहे, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नाही. पाठीला जखमा झाल्या आहेत का, लघवीची नळी शेवटची कधी बदलली, घर सोयाबीन सोंगायला गेले की दुपारी त्याला पाणी कोण पाजते, हे कुठल्याही सरकारी वहीत लिहिलेले नसते. ग्रामपंचायतीच्या वहीत तर नसतेच.

ते ग्रामपंचायतीच्या वहीत असले पाहिजे, हे माझे म्हणणे आहे. गावात जो प्रौढ माणूस स्वतःच्या हाताने खाऊ, धुऊ, उठू शकत नाही, तो गावाच्या जबाबदारीचा माणूस आहे. त्याची सेवा घरचे करोत, पगारी बाई करो की कुणीच न करो, ती कशी चालली आहे हे पाहण्याचा हक्क आणि पाहण्याचे कर्तव्य गावाच्या निवडून दिलेल्या पंचायतीचे आहे. शहरात हेच नगरपरिषदेला लागू.

वाशिम जिल्ह्यापुरते बोलू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती आणि दर पाचांतले चार लोक खेड्यांत राहत होते. त्या वेळी महाराष्ट्रात शंभरातली दहा माणसे साठीच्या पुढची होती. तेच प्रमाण धरले तर जिल्ह्यात लाख-सव्वा लाख वृद्ध होते, आज ते नक्कीच जास्त आहेत. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वार्धक्याच्या मोठ्या सर्वेक्षणात साठीपुढच्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना अंघोळ, कपडे, जेवण, शौच, चालणे यांपैकी निदान एका कामात अडचण येत होती. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात अशी चाळीस-पन्नास माणसे निघतील. सगळी अंथरुणाला खिळलेली नसतील. पण त्यांच्यात लकवा मारलेला चाळिशीचा गडी, झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला तरुण, तिशी उलटलेली पण आईशिवाय घास न घेणारी मतिमंद मुलगी मिळवा. गावात अशी माणसे कुणाच्या घरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. ठाऊक असणे आणि दखल घेणे यांत मात्र फार अंतर पडले आहे.

या जिल्ह्याला या बाबतीत सबब सांगता येणार नाही, कारण सुरुवात इथे लवकर झाली होती. केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्याच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत वाशिम होता. त्या कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेत जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची ओपीडी आहे, आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे घरभेटी आहेत. उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेने किंवा सेवकाने घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे जायचे, काठी, वॉकर, कॅलिपर अशी साधने मिळवून द्यायची. अंथरुणाला खिळलेल्यांकडे ग्रामीण रुग्णालयाच्या पुनर्वसन कार्यकर्त्याने जाऊन घरच्यांनाही शिकवायचे. इतके नेमके लिहिलेले असताना त्या भेटीची वाट पाहणाऱ्या बाजा गावोगाव का आहेत?

याचे कारण कर्मचाऱ्यांच्या आळसात शोधणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. एका आरोग्य सेविकेकडे किती कार्यक्रम, किती नोंदवह्या आणि किती अ‍ॅप आहेत हे ज्याने पाहिले आहे तो तिला दोष देणार नाही. खरे कारण असे की या कामाचा हिशेब गावाला द्यावा लागत नाही. अहवाल तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा मुंबईला जातो, आणि वर ज्याची विचारणा होते तेच खाली केले जाते. २०१८ पासून वाशिम हा आकांक्षित जिल्हा आहे. त्या कार्यक्रमात जिल्ह्याची प्रगती ज्या निर्देशांकांवर मोजतात त्यांत गरोदर माता आहेत, नवजात बालके आहेत, लसीकरण आहे, क्षयरोग आहे. ते सगळे हवेच. अंथरुणावरचा म्हातारा त्या मोजणीत नाही. त्यामुळे कलेक्टरांच्या आढावा बैठकीत त्याच्याविषयी कुणाला प्रश्न पडत नाही, आणि प्रश्न पडत नाही म्हणून उत्तर तयार ठेवण्याची गरजही कुणाला वाटत नाही.

घरी जाऊन सेवा करणे आणि त्या सेवेवर देखरेख ठेवणे खेड्यात जमत नाही, असे म्हणायला विदर्भाला तर तोंडच नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांना घरच्या घरी वाचवून दाखवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे ती पद्धत देशभर आशांच्या कामाचा भाग झाली. आज दवाखान्यात जन्मून घरी आलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. वजन, ताप, अंगावर पिणे बघतात, फॉर्म भरतात, आणि तो फॉर्म तपासणारे कुणी असते. हे जमले त्याला कारण दिवस ठरलेले होते, काय बघायचे ते ठरलेले होते आणि बघितले की नाही हे बघणारा होता. माणसाच्या आयुष्याच्या पहिल्या बेचाळीस दिवसांसाठी जी शिस्त आपण बसवली ती शेवटच्या बेचाळीस महिन्यांसाठी का बसवू नये?

आता लोक म्हणतील, ही घरातली गोष्ट आहे. मायबापाला कसे सांभाळायचे हे पंचायतीने का सांगावे? या आक्षेपामागे लाज आहे, अब्रू आहे, आणि काही घरांत खरेखुरे प्रेमही आहे, म्हणून तो हलक्यात काढू नये. पण आपल्या समाजाने ‘घरातली गोष्ट’ म्हणून काय काय झाकून ठेवले होते ते आठवावे. मुलीचे तेराव्या वर्षी लग्न ही घरातली गोष्ट होती. आज गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, आणि तो मांडवात जाऊन लग्न थांबवतो तेव्हा त्याला कुणी घरभेद्या म्हणत नाही, निदान उघडपणे म्हणत नाही. बायकोला मारणे ही घरातली गोष्ट होती, २००५ च्या कायद्याने ती तशी राहिली नाही. संडासाचे तर काय सांगावे! गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, पुढे हागणदारीमुक्तीची मोहीम आली, आणि गुड मॉर्निंग पथके पहाटे गावाच्या वेशीवर उभी राहिली. कोणाच्या घरी शौचालय आहे, कोण वापरतो, कोण नाही, याची घरनिहाय यादी पंचायतीने केली. माणूस उघड्यावर बसतो का हे पाहायला जी पंचायत पहाटे उठली, तिला तो माणूस अंथरुणातच घाण करून तसाच पडलेला असतो का हे दुपारी पाहता येणार नाही, हे मला पटत नाही.

शिवाय दुर्लक्ष नेहमी दुष्टपणातूनच येते असे नाही. बहुतेक घरांत ते थकव्यातून येते. सासऱ्याला लकवा झाला, अकोल्याच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यातून ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढे सांगून सोडले. सेवा म्हणजे काय ते कुणी शिकवले नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेखाली मऊ काही ठेवायचे, भरवताना पाठ उभी करायची नाहीतर घास श्वासनळीत जातो, यातले काही त्या सुनेला माहीत नसते. ती शेतात रोजाने जाते, परत येऊन चूल पेटवते आणि मग नव्वद किलोच्या देहाला एकटी उचलते. वर्षभरात तिची कंबर जाते. या घरात पंचायतीचे माणूस गेले तर ते जाब विचारायला गेले असे समजायचे कारण नाही. त्या सुनेला आजवर कुणी विचारले नाही की बाई, तुला झोप मिळते का. विचारणारे माणूस आले तर ते आधी तिच्या बाजूचे असेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्याच्या बांधकामांवर जाणाऱ्या घरांची तर वेगळीच अडचण आहे. हातीपायी धड माणसे निघून जातात, तांड्यावर, वस्तीवर म्हातारी मागे राहते. शेजारीण दोन भाकरी देते तेवढी तिची व्यवस्था. हे पाप त्या मुलाचे आहे असे मी म्हणणार नाही. पोट त्याला नेते. पण मागे राहिलेल्या आईचे मार्चपर्यंत काय होते, हे विचारायला गावात एक तरी जबाबदार माणूस नको का?

आणि जिथे खरोखर छळ आहे, तिथे कायदा आहे पण तो बाजेपर्यंत पोचत नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या पातळीवर न्यायाधिकरण दिले, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह ठरवण्याची मुभा दिली, वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. सांभाळण्याच्या बोलीवर शेत नावावर करून घेतले आणि मग पाठ फिरवली, तर ते हस्तांतरण रद्द ठरवण्याची तरतूदही केली. या शेवटच्या कलमाची आठवण वऱ्हाडातल्या प्रत्येक बांधावर असायला हवी. मात्र ज्याला उठता येत नाही तो एसडीओच्या कचेरीत अर्ज कसा देणार? कायद्याने त्याचाही विचार केला आहे. त्याच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. पण न्यायाधिकरणाला डोळे लागतात. ते डोळे गावात आहेत, ग्रामपंचायतीच्या सदस्यांचे.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेची गोष्ट आणखी बिकट. वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांत मुले पुण्याला, हैदराबादला, परदेशात असतात आणि घरी म्हाताऱ्यांपाशी ‘बाई ठेवलेली’ असते. कधी ओळखीतून, कधी ब्युरोमार्फत. समृद्धी महामार्गाने माणसे लवकर येऊ-जाऊ लागली, तरी रात्री दोन वाजता आईला बाथरूमला नेणारी ती बाईच असते. तिने काय शिकले आहे, ब्युरोने तिची चौकशी केली आहे का, तिला सुट्टी मिळते का, चोवीस तासांच्या कामाचा पगार तिच्या हाती किती पडतो, हे तपासणारे कुणी नाही. खाटा असलेल्या दवाखान्याला १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, त्याची तपासणी करायला स्थानिक प्राधिकरण असते. तीच खाट घराच्या खोलीत आली की तिच्यावर कुणाची नजर नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या, २००७ च्या निर्वाह कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांना घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि प्रशिक्षित सेवकांची अट होती. ते विधेयक मंजूर झाले नाही आणि ती लोकसभा विसर्जित झाली. दिल्लीला जे जमले नाही ते नगरपरिषदेने आपल्या हद्दीत साध्या नोंदवहीने सुरू करावे. कोणता ब्युरो, कोणती बाई, कोणत्या घरी, तिला काय येते. एवढे लिहून ठेवले तरी म्हाताऱ्याला आणि त्या बाईलाही आधार होईल. म्हाताऱ्याला चिमटे काढले जातात तशी बाईवर खोटी चोरीही घातली जाते. दोघांचेही ऐकणारे तिसरे माणूस लागते.

केरळने हे करून दाखवले आहे. २००८ मध्ये तिथल्या सरकारने परिहार सेवेचे, म्हणजे दीर्घ आजाऱ्याच्या वेदना आणि हाल कमी करण्याचे धोरण आणले आणि घरभेटीचे काम पंचायतींवर सोपवले. पंचायत आपल्या निधीतून नर्स नेमते, गाडीची सोय करते, आणि नर्सबरोबर आशा, कधी वॉर्डाचा सदस्य, कधी गावातला स्वयंसेवक जातो. तिथल्या मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत आधी शेजारपाजाऱ्यांनीच हे काम उभे केले होते, सरकार मागून आले. जपानने २००० साली दीर्घ शुश्रूषेचा विमा सुरू केला आणि तो चालवण्याची जबाबदारी गावाच्या आणि शहराच्या पालिकांवर टाकली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने ज्या प्रौढाला काळजीची गरज दिसते त्याची पाहणी करणे हे तिथल्या स्थानिक कौन्सिलचे कर्तव्य ठरले. तिथे चुकाही झाल्या. कौन्सिलांनी पैसे वाचवायला पंधरा-पंधरा मिनिटांच्या भेटी विकत घेतल्या, सेविका दारातून आत येते आणि घड्याळ बघत बाहेर पडते, यावर मोठी टीका झाली. ती चूक आपण आत्ताच ध्यानात ठेवावी. भेट झाली एवढी टिकमार्क पुरेशी नाही. चादर उचलून पाठ बघितली का, माणसाशी घरच्यांना बाजूला ठेवून दोन शब्द बोलले का, हे विचारले गेले पाहिजे.

पंचायतीला अधिकार कुठे आहे, असे सरपंच विचारतात. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत जे विषय पंचायतींना दिले त्यांत आरोग्य आहे, दिव्यांगांसह समाजकल्याण आहे, दुर्बल घटकांचे कल्याण आहे. पैसा कुठे आहे, हा दुसरा प्रश्न. प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. बच्चू कडूंच्या प्रहार संघटनेला या निधीसाठी जागोजागी आंदोलने करावी लागली, यावरून तो किती राजीखुशीने खर्च होतो ते समजावे. जिथे होतो तिथे बहुतेक वेळा सर्वांना सारखी रक्कम वाटून किंवा एखादी वस्तू देऊन तो संपवला जातो. लहान गावाचे उत्पन्न थोडे असते हे खरे. म्हणून चार-पाच गावांनी मिळून एका शिकलेल्या सेविकेचे मानधन उचलावे आणि जिल्हा परिषदेने आपल्या राखीव निधीतून भर घालावी. आणि कृपा करून हे काम पुन्हा फुकट आशाताईंच्या माथी मारू नये. त्यांनी करायचे तर त्याचा वेगळा मोबदला ठरवून करावे.

यादीचे राजकारण होईल ही भीती मला सगळ्यात खरी वाटते. आपल्या गटाच्या घरी मदत, दुसऱ्याच्या घरी चौकशी, असे होऊ शकते. म्हणून घरभेटीला दोघांनी जावे, त्यांत एक बाई असावी, आणि दोघे एकाच आळीचे, एकाच गटाचे नसावेत. कोणाला काय आजार आहे, कोणाच्या अंगाला घाण वास येतो, ही माहिती फलकावर लागता कामा नये. ती वही कुलपात राहील. ग्रामसभेपुढे फक्त आकडे आणि कामे यावीत. किती माणसे, किती घरी भेट झाली, किती राहिली, कोणाला साधन हवे होते आणि ते का मिळाले नाही. यादीची सुरुवात गावठाणातून न करता तांड्यापासून आणि दलित वस्तीपासून करावी. शेवटी करू म्हटले की त्यांचा नंबर येतच नाही, हे अनुभवाचे आहे.

वरच्या पातळीवर हे पाहणारे कोण? जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या वाशिम जिल्हा परिषदेची मुदत पाच वर्षांनी संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याला बाजेवरच्या माणसाच्या नातवाला तोंड द्यावे लागत नाही, सदस्याला द्यावे लागते. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा काढला तो कारभार माणसाजवळ यावा म्हणून. ऑक्टोबर २०२४ पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सेविकांना कूस बदलण्यापासून नळीची निगा राखण्यापर्यंत शिकवायला आता अकोल्याला जावे लागणार नाही. आपल्या जिल्ह्यात जागा आहे, शिकवणारे आहेत, कायदा आहे, थोडा का होईना निधी आहे. गावाने विचारायचे तेवढे बाकी आहे.

वाचकहो, ग्रामसभा वर्षातून चार वेळा घ्यावीच लागते. पुढच्या सभेच्या आधी ग्रामसेवकाकडे एक लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या: गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या व परावलंबी प्रौढांची नोंद करणे, त्यांच्या घरी दरमहा भेट ठरवणे आणि पाच टक्के निधीतला हिस्सा त्यासाठी ठेवणे, हा विषय अजेंड्यावर घ्यावा. सभेला स्वतः जा, शेजारच्या घरातल्या त्या सुनेलाही बरोबर न्या आणि तिला बोलू द्या. सगळ्या गावाची यादी पहिल्या फेरीत झाली नाही तर एका वॉर्डाची करा, पण या वर्षीच करा.